बाईंना मोजता येत नाही

आमच्या अंगणवाडीच्या भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता लावलेला आहे. अ अननसाचा, आ आईचा इथवर सगळं सुरळीत चालतं. इ इमारतीचा म्हटलं की पोरं चित्राकडे बघतच नाहीत, थेट खिडकीबाहेर बोट दाखवतात, कारण माहुलच्या वसाहतीत खिडकीबाहेर इमारतीच असतात. खरी गंमत त्यानंतर. ई ईडलिंबाचा. ‘मोसंबी!’ ईडलिंबू त्यांनीच काय, त्यांच्या आयांनीही कधी हातात धरलेलं नसतं. उ उखळाचा. चित्रात उखळात मुसळ उभं आहे. त्यावर एकाने निकाल दिला, ‘कुंडी आहे. कुणी पाणी नाही घातलं, झाड वाळलं.’ ए एडक्याचा म्हटलं की ‘बकरा’, आणि त्यापाठोपाठ गेल्या ईदेला कुणाच्या जिन्यात कसला बकरा बांधला होता याची सविस्तर हकिगत. ऐ ऐरणीचा इथे तर दर वर्षी नवं उत्तर मिळतं. शिलाई मशीन, होडी, इस्त्री, आणि एकदा बराच विचार करून, ‘डॉक्टरकडे झोपतात ना, ते.’ औ औताचा म्हणजे मोडकी सायकल.

आमच्या मदतनीस मावशी साताऱ्याकडच्या. औताला सायकल म्हटलेलं त्यांच्या जिवाला लागतं. ‘आगं बया, औतबी ठावं न्हाई लेकरास्नी,’ असं पुटपुटत त्या खिचडीच्या पातेल्याकडे वळतात. पण त्याच मावशींच्या फोनचा आवाज बंद पडला की तो चालू करून देतो तो चार वर्षांचा एक गडी, ज्याला अजून अ काढता येत नाही. कोण अडाणी आणि कोण शिकलेलं, हे आमच्या खोलीत दिवसातून चार वेळा बदलतं.

मी इथे बरीच वर्षं सेविका आहे. तीन ते सहा वयाची मुलं ही माझी पटावरची. त्यांच्या शेपटाला धरून येणारी दोन-अडीच वर्षांची भावंडं बिनपटाची. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हापासून अंगणवाडीच्या कामांच्या यादीत पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी यांच्या जोडीला ‘अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण’ हेही आहे. वजन काट्यावर दिसतं, उंची पट्टीवर दिसते, खिचडी पातेल्यातून कमी होताना दिसते. शिक्षण तेवढं कुठे दिसत नाही. ते दिसावं म्हणून मोठी माणसं मुलांना प्रश्न विचारतात, आणि तिथूनच विनोदाला सुरुवात होते.

मुलांची नावं इथे लिहीत नाही. ती उद्या मोठी होतील, वाचायला शिकतील (मी निम्मं काम तरी करतेच), आणि मग मला जाब विचारतील.

माहुल ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. चेंबूरच्या टोकाला, एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला तेलशुद्धीकरण कारखाने. मूळ गाव कोळी-आगऱ्यांचं. १९५४-५५च्या सुमारास एस्सो आणि बर्मा-शेलचे कारखाने इथे सुरू झाले. सरकारने ताब्यात घेतल्यावर ते हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम झाले. पुढे त्यांच्या कुंपणाच्या शेजारी प्रकल्पग्रस्तांसाठी बहात्तर इमारती उभ्या राहिल्या, सात मजली, सतरा हजारांवर घरांच्या. २०१७ साली तानसा जलवाहिनीच्या कडेच्या वस्त्या तोडल्या गेल्या, तेव्हा विद्याविहार, घाटकोपर, कुर्ला अशा ठिकाणची कुटुंबं इथे आली. वसाहतीच्या पत्त्यात ‘एव्हरस्माईल’ असा शब्द आहे. म्हणजे आमच्याकडे विनोद पत्त्यापासूनच सुरू होतो. त्यामुळे वर्गात कोळीवाड्यातली नात, घाटकोपरच्या भटवाडीतून आलेल्या घरातला नातू, घरी तमिळ बोलणारी एक, घरी भोजपुरी बोलणारे दोन, असे सगळे एका सतरंजीवर असतात. भांडताना मात्र सगळे एकच भाषा बोलतात, ती कोणती हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आकडे शिकवायला मी बाटल्यांची बुचं वापरते. फुकट मिळतात, रंगीत असतात आणि गिळता येणार नाहीत एवढी मोठी निवडून घेता येतात. एका मुलाला म्हटलं, मोज. त्याने बोट टेकवलं आणि सुरू केलं, ‘खाली, एक, दोन, तीन, चार...’ सातपर्यंत गेला आणि थांबला. बुचं अजून उरली होती.

‘पुढे?’

‘पुढे गच्ची.’

मला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. त्याचं घर सातव्या मजल्यावर. लिफ्ट बंद असली की आई त्याला चढायला लावते आणि प्रत्येक मजल्यावर आकडा म्हणवून घेते. आठवा मजलाच नाही, तर आठ कुठून येणार? पण त्याच्या मोजणीची सुरुवात बघा. पहिलं बूच ‘खाली’. एकाच्या आधीही काहीतरी असतं आणि तिथूनच निघायचं असतं, हे त्याला पायांनी कळलं होतं. शून्य माणसाच्या डोक्यात शिरायला शतकानुशतकं गेली. हा गडी रोज दूध आणायला शून्यावर उतरतो.

मोजणं म्हणजे आकडे ओळीने म्हणणं, अशी आपली समजूत असते. आईबापांचा अभिमानही तेवढाच असतो, ‘बाई, शंभरपर्यंत येतं तिला.’ येतं ना. पण समोर पाच बुचं ठेवून विचारा.

‘एक, दोन, तीन, चार, पाच.’

‘शाबास. मग किती बुचं आहेत?’

‘एक, दोन, तीन, चार, पाच.’

‘हो, पण सगळी मिळून किती?’

मग ती माझ्याकडे जरा निरखून बघते आणि कमी ऐकू येणाऱ्या आजोबांशी बोलावं तसं सावकाश, मोठ्याने म्हणते, ‘एऽक. दोऽन. तीऽन...’ मी म्हणते, बरं, मला पाच दे. ती शेवटचं निळं बूच उचलून माझ्या हातावर ठेवते. एकच. कारण पाच त्याचं नाव आहे. पहिल्याचं नाव एक, दुसऱ्याचं दोन, तसं याचं पाच. मी पाच मागितला, तिने पाच दिला, व्यवहार मिटला.

रोशेल गेलमन आणि चार्ल्स गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली लहान मुलांच्या मोजण्यावर एक पुस्तक लिहिलं. आपण जिला एक कृती समजतो तिच्यात पाच तत्त्वं दडलेली असतात, असं त्यांनी मांडलं. एका वस्तूला एकच आकडा, आकड्यांचा क्रम ठरलेला, शेवटचा आकडा म्हणजे सगळ्यांची संख्या, कुठलीही वस्तू मोजता येते, आणि कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच. आमची निळ्या बुचाची मालकीण पहिली दोन तत्त्वं पक्की करून तिसऱ्याच्या उंबऱ्यावर उभी होती. ही गोष्ट मला प्रशिक्षणात कळली तेव्हा जीव हलका झाला. कारण तोवर घरोघरी आणि माझ्याकडेही एकच उपाय चालायचा, तोच प्रश्न आणखी मोठ्या आवाजात विचारायचा. म्हणजे ती मला बहिरी समजणार आणि मी तिला.

कोळीवाड्यातल्या पोरीचं गणित आणखी निराळं. चित्रात पाच कोलंब्या होत्या. विचारलं, किती?

‘एक वाटा.’

‘मोज ना पण.’

‘मोजून कोन देतं? आजी हातानं घालते.’ मग चित्र जवळ घेऊन तिने नाक मुरडलं. ‘आणि ही शिजवलेली हाय. ही कोन घेईल?’

मी चित्र पुन्हा पाहिलं. छापणाऱ्याने कोलंबी छान केशरी-गुलाबी रंगवली होती. कच्ची कोलंबी करडी असते आणि शिजल्यावर रंग धरते, हे छापणाऱ्याला ठाऊक नव्हतं. त्या चित्रावरून कित्येक मुलं पाचपर्यंत मोजायला शिकली असतील. चूक काढणारी ही पहिली. शिवाय मासळीबाजारात वाटा हेच माप, आणि तो वाटा नजरेने आणि हाताने ठरतो, हेही तिचं बरोबरच होतं. माझ्या वहीत मात्र तिच्यासमोर ‘१ ते ५ मोजते’ एवढाच रकाना होता. त्यात खूण करावी की न करावी, हा माझा प्रश्न. तिचा धंदा सुरू झालेला होता.

अशी उत्तरं वर्षानुवर्षं ऐकल्यावर मला त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसायला लागली. मुलं चुकीचं उत्तर देत नाहीत. ती प्रश्न खरा समजतात.

घरात विचारले जाणारे प्रश्न आठवून बघा. ‘माझी चप्पल कुठे गेली?’ ‘पप्पा आले का?’ ‘कुठे दुखतंय?’ विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसतं, म्हणून तो विचारतो. तीन वर्षं मूल याच जगात राहतं. मग एके दिवशी त्याला आमच्या सतरंजीवर बसवतात आणि समोर एक बाई लाल बूच हातात धरून विचारते, ‘हा कोणता रंग?’ बूच तिच्या हातात, डोळे तिचे धडधाकट, तरी विचारते. उत्तर माहीत असून प्रश्न विचारणारी माणसं जगात दोनच ठिकाणी भेटतात, पोलीस चौकीत आणि शाळेत. चौकीत निदान कारण तरी सांगतात.

एका मुलीने माझ्या या प्रश्नावर उत्तरच दिलं नाही. ती उठून जवळ आली, माझ्या डोळ्यांत डोकावली आणि काळजीने म्हणाली, ‘तुला मोतीबिंदू झाला का? माझ्या आजीला झालाय.’ त्या क्षणी रंगाची ओळख झाली की नाही हे मला ठाऊक नाही. माणसाची विचारपूस कशी करावी हे मात्र तिला पक्कं येत होतं, आणि तसा रकाना कुठल्याच तक्त्यात नाही.

स्वित्झर्लंडच्या ज्यां पियाजे यांचा एक प्रयोग शिक्षणशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात असतो. सारख्याच संख्येच्या सोंगट्यांच्या दोन ओळी मुलासमोर मांडायच्या. दोन्हीकडे सारख्याच आहेत ना, असं विचारायचं. मूल हो म्हणतं. मग त्याच्या देखत एक ओळ लांब पसरवायची आणि पुन्हा विचारायचं. चार-पाच वर्षांचं मूल बहुतेक वेळा म्हणतं, लांब ओळीत जास्त आहेत. यावरून निष्कर्ष असा की संख्या कायम राहते हे त्याला कळत नाही. पुढे स्कॉटलंडमध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी हाच प्रयोग थोडा वाकडा करून पाहिला. ओळ बाईंनी पसरवायची नाही; एक खोडकर टेडी अस्वल येतं आणि धसमुसळेपणाने ती विस्कटून जातं. मग विचारलं, तर बरीच जास्त मुलं म्हणाली, सारख्याच आहेत. अस्वलाने खोडी केली, त्यात विशेष काय? पण एक मोठी बाई आधी एकदा विचारते, मग मुद्दाम काहीतरी करते आणि परत तेच विचारते, त्याअर्थी पहिलं उत्तर आता चालणार नसावं, असा मुलाचा सरळ हिशेब. डोनाल्डसन यांनी १९७८ सालच्या आपल्या पुस्तकात या गोष्टीचा नीट उलगडा केला आहे.

आमच्याकडे टेडी अस्वल नाही. मावशींचा झाडू आहे. मी बुचांच्या दोन ओळी मांडल्या, सारख्याच आहेत असं कबूल करून घेतलं आणि एक ओळ हाताने पसरवली. ‘आता?’ समोरचा हळूच म्हणाला, ‘तिकडे जास्त.’ आणि म्हणताना बुचांकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मावशींनी झाडू मारता मारता ओळ उधळली. (त्यांना सांगून ठेवलं होतं, पण त्या एरवीही उधळतातच.) तोच मुलगा ओरडला, ‘मावशी! सगळी हलवली!’ मी विचारलं, मग आता कुठे जास्त? तो वैतागून म्हणाला, ‘तेवढीच आहेत. हलवली फक्त.’ पियाजेंना आमच्या मावशी भेटायला हव्या होत्या.

रंगांच्या तासाला माहुलचा भूगोल मध्ये येतो. ‘आकाशाचा रंग कोणता?’ या प्रश्नाला एकाने उलट विचारलं, ‘दिवसा की रात्री?’ म्हटलं, रात्रीचा सांग. ‘केशरी.’ बरोबर आहे. कारखान्याच्या उंच धुराड्यावर ज्योत पेटलेली असते, आणि ती मोठी झाली की ढगांना खालून उजेड लागतो. इथे रात्र काळी असते हे मुलांना पुस्तकातून शिकवावं लागतं. चित्रातला बगळाही एकीने गुलाबी रंगवला. शेजारीण म्हणाली, बगळा पांढरा असतो. रंगवणारीने मान वर न करता सांगितलं, ‘खाडीवर ये, दाखवते.’ हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत शिवडी-माहुलच्या चिखलात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ते बघायला लांबून लोक मोठमोठे कॅमेरे घेऊन येतात. तिला ते आजोबांच्या खांद्यावरून दिसतात. तिच्या लेखी लांब पायांचा पाण्यातला पक्षी म्हटला की तो गुलाबीच.

ज्ञानेंद्रियांचा पाठ मी सोपा समजत असे. डोळ्यांनी बघतो, कानांनी ऐकतो, जिभेने चव घेतो. नाकाने काय करतो?

‘नाक दाबतो.’

बाकीच्यांनी लगेच दाबून दाखवलं. एकाने ओढणीचा बोळा कसा धरायचा याचं प्रात्यक्षिक दिलं, आई करते तसं. कारखान्यांच्या बाजूने वारा आला की काय करायचं, हे इथे बोलायला येण्याआधी येतं. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५मध्येच म्हटलं होतं की माहुल आणि आंबापाड्याच्या रहिवाशांच्या आरोग्याला इथल्या हवेपासून धोका आहे. त्यानंतर २०१७मध्ये हजारो कुटुंबं इथे आणून ठेवली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९मध्ये आदेश दिला की या लोकांची दुसरीकडे सोय करता येत नसेल तर त्यांना महिना १५,००० रुपये भाडं द्या. निकालपत्रं मोठी असतात. नाकाच्या पाठावर आमच्या मुलांचं उत्तर दोन शब्दांचं होतं. मी वहीत ‘नाकाने वास घेतो’ याच्यासमोर बरोबरची खूण केली. वास घेतल्याशिवाय कुणी नाक दाबत नाही.

या सगळ्यावर हसू येतं का? येतं. पोट धरून येतं. पण माझा आणि मावशींचा एक अलिखित करार आहे. हसायचं ते मुलं गेल्यावर. तोवर मावशी पदराचं टोक दातात धरतात आणि मी खोटा खोकला काढते. कारण मी पाहिलंय, उत्तर ऐकून मोठी माणसं हसली की मूल आधी आपणही हसतं. त्याला वाटतं आपण काहीतरी छान केलं. दुसऱ्यांदा हसलं की ते बघत राहतं. तिसऱ्यांदा विचारलं की शर्टाची कड चघळतं आणि गप्प बसतं. त्यानंतर त्याच्याकडून मिळतात ती तक्त्यातली उत्तरं. बरोबर, पाठ केलेली, आणि कुणाच्याच कामाची नसलेली. पाहुणे आले की हौसेने ‘ते सांग ना गंमतशीर’ म्हणणाऱ्या आईबापांना मी हे सांगते. ऐकून तेही हसतात, पण निदान माझ्याकडे बघून हसतात.

आईबापांचा मुख्य प्रश्न वेगळाच असतो. ‘बाई, लिहायला कधी घेणार?’ समोरच्या बिल्डिंगमधली त्याच वयाची मुलगी कुठल्याशा नर्सरीत जाते आणि वही भरून ए, बी, सी काढते. आमचा मात्र मातीच्या गोळ्या करतो. एका वडिलांनी अगदी हळुवारपणे विचारलं होतं, ‘ह्याला पुढे कुंभार करायचाय का?’ मी त्यांना पोराचा हात धरून दाखवला. तीन वर्षांच्या मनगटातली बरीचशी हाडं अजून कूर्चाच असतात, हळूहळू टणक होत जातात. पेन्सिल नीट धरायची तर आधी बोटांत जोर यायला हवा. तो मळण्याने, चिमटण्याने, फाडण्याने, मणी ओवण्याने येतो. ‘मग घरी काय करू?’ ‘कणीक मळायला द्या.’ पुढच्या आठवड्यात आई तक्रार घेऊन आल्या की आता तो रोज मळतो आणि मळलेली कणीक भिंतीला लावतो. बोटांत जोर आला होता हे नक्की.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. गिजुभाई बधेकांनी १९२०मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम उभं केलं. अनुताई वाघ तिथे त्यांच्यासोबत आल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आयुष्यभर राहिल्या. मॉन्टेसरीची देखणी, महागडी लाकडी साधनं बोर्डीत कुठून आणणार? मग शंख, शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पनाही तिथलीच. अंगण नसलेल्या सात मजली इमारतीच्या तळमजल्यावर बसून मी ती चालवते, तेव्हा खाडीवरच्या शिंपल्या मात्र मला ताराबाईंइतक्याच फुकट मिळतात. फरक एवढाच की माझ्या मुलांमधली एक त्या शिंपल्या मोजण्याआधी हुंगते आणि कोणती कुठल्या भरतीला आली ते सांगते.

आता २०२०च्या शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ हा पायाभूत टप्पा धरला आहे आणि खेळातून शिक्षण असं ठळक अक्षरांत लिहिलं आहे. कायद्याने शिक्षणाचा हक्क मात्र सहाव्या वर्षापासून. २००९च्या कायद्यात तीन वर्षांवरील मुलांसाठी सरकार ‘आवश्यक व्यवस्था करू शकेल’ एवढंच आहे. म्हणजे ज्या वयात मूल सगळ्यांत जास्त प्रश्न विचारतं, त्या वयाचं शिक्षण ‘शकेल’वर आणि ज्या वयात ते विचारायचं थांबतं, तिथून हक्क सुरू.

एकदा पालकसभेत मी आयाबापांनाच सतरंजीवर बसवलं आणि तक्त्यातली चित्रं अक्षरं झाकून दाखवली. उखळ आज्यांनी ओळखलं. ईडलिंबाला सर्वानुमते मोसंबी ठरवण्यात आलं. ऐरणीवर वाद पेटला. एक जण म्हणाले जहाजाचा नांगर, दुसरे म्हणाले कारखान्यातला कुठलासा पार्ट आहे, मी रोज बघतो. शेवटी एका आजोबांनी ‘लोहाराची ऐरण’ असं सांगितलं, तेव्हा सगळे आपापल्या मुलांकडे जरा ओशाळून बघायला लागले. मोठ्यांच्या बाबतीत आमचा करार लागू नसल्यामुळे मावशी तिथल्या तिथे मनसोक्त हसल्या.

त्या सभेनंतर मी माझे प्रश्न बदलत गेले. उत्तर मला खरंच माहीत नसेल असे प्रश्न शोधायला लागले, आणि ते शोधणं वाटतं त्यापेक्षा कठीण आहे. ‘हा कोणता रंग?’ऐवजी ‘तुझ्या घराचं दार कोणत्या रंगाचं?’ हे मला माहीत नसतं. ‘किती बुचं?’ऐवजी ‘मला मावशींना निरोप द्यायचाय, आज खिचडी किती ताटल्यांत वाढायची?’ इथे चुकलं तर कुणाची तरी ताटली कमी पडते आणि मोजणारीला तिथेच कळतं. मला काही सांगावं लागत नाही. निळ्या बुचाची मालकीण एकदा ताटल्या मोजून आली आणि ‘नऊ’ एवढंच म्हणाली. एक, दोन, तीन नाही. नुसतं नऊ. मावशींनी नऊ वाढल्या, एक कमी पडली. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, सगळ्यांवर नजर फिरवली आणि म्हणाली, ‘मी मला नाही मोजलं.’

वहीत तिच्यासमोर खूण करताना मला जेवढा आनंद झाला, तेवढा कुणी शंभरपर्यंत म्हणून दाखवल्यावर होत नाही. मात्र खऱ्या प्रश्नांची किंमतही मोजावी लागते. ‘किती ताटल्या?’ ‘तुला कसं कळलं?’ ‘मला दाखव ना कसं मोजलंस ते.’ रोज हेच ऐकून वर्गात माझ्याविषयी एक मत तयार झालं, आणि ते घरी पोचलं.

परवा निळ्या बुचाच्या मालकिणीची आई कामावरून येता येता दारात थांबली. चप्पल काढली, पण आत येईना.

‘ताई, रागावू नका. पोरगी घरी काय पण सांगते.’

‘काय सांगते?’

‘म्हणते, बाईंना मोजता येत नाही. मीच शिकवते त्यांना.’

‘खरंय,’ म्हटलं. ‘उद्या तिला लवकर पाठवा. आमचं दहाच्या पुढचं राहिलंय.’